कुरणातली चौकी आणि माझे एक वाक्य

बारामतीत पदभ्रमण मंडळ निघाले तेव्हा पहिले सहा महिने कुणीही कुठेही चालत गेले नाही. आधी घटना झाली. घटनेला पोटनियम झाले. मग बोधचिन्हावर दोन सभा झाल्या. एका पक्षाला काठी हवी होती, दुसऱ्याला पाऊल. शेवटी काठीला टेकलेले पाऊल छापून आले आणि ते पाहून आमच्या शाळेतल्या पोरांनी मंडळाचे नाव ‘लंगडा पाय’ ठेवले. पोरांची मते बहुधा बरोबर असतात, पण त्यांना मताधिकार नसतो.

मंडळाची पहिली सहल तीच शेवटची ठरली. सन पस्तीस-छत्तीसच्या सुमाराची गोष्ट. त्या सहलीपायी एका माणसाची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर डोक्यावरचे छप्पर गेले, आणि ते माझ्यामुळे गेले. मंडळाची थट्टा करणे सोपे आहे. ती मी पुढे आयुष्यभर चारचौघांत करत आलो आणि लोक हसत आले. म्हणून ही दुसरी बाजू आधीच सांगून टाकतो, नाहीतर थट्टेच्या भरात ती या खेपेलाही राहून जायची.

मी तेव्हा शाळेत इतिहास आणि इंग्रजी शिकवत असे. मंडळाचा चिटणीस मलाच केले, कारण माझे अक्षर चांगले होते आणि नाही म्हणावे इतकी माझी पायरी नव्हती. अध्यक्ष होते एक निवृत्त मामलेदार. नोकरी सुटून त्यांना पाच वर्षे झाली होती, पण ही बातमी त्यांच्या आवाजापर्यंत पोचलेली नव्हती. त्यांनी कुठल्याशा विलायती मासिकात वाचले होते की तिकडचे लोक शनिवारी पाठीला पिशवी लावून रानावनात निघतात, रात्र एखाद्या झोपडीत काढतात आणि सोमवारी लालबुंद गालांनी कचेरीत हजर होतात. साम्राज्य चालते ते याच्यावर, असे अध्यक्षांचे मत होते.

आमच्याकडे अडचण एवढीच की डोंगर नव्हता. बारामतीहून इंदापूरकडे निघाले की उजव्या हाताला नीरेचा कालवा आणि त्याच्या खाली ऊस, केळी, भाजीपाल्याचे मळे, आणि डाव्या हाताला उघडाबोडका माळ. एका मातीच्या भरावाच्या अलीकडे पाणी आणि पलीकडे कुसळ. त्या माळावर, रस्त्यापासून सात-आठ मैल आत, एक सरकारी राखीव कुरण होते आणि कुरणाच्या मध्यावर शिपायाची चौकी होती. विलायती झोपडीच्या सर्वांत जवळ येणारी वस्तू तीच. अध्यक्षांनी जंगल खात्याच्या साहेबाला पत्र लिहिले. परवानगी आली, आणि तिच्याखाली एक ओळ होती: ‘चौकीवरील शिपायास आपली सोय ठेवण्याबद्दल कळवले आहे.’

माघातल्या एका शनिवारी शाळा दुपारी सुटल्यावर आम्ही पाच जण निघालो. अध्यक्ष सोला टोपी घालून छकड्यात बसले. पदभ्रमण मंडळाचा अध्यक्ष छकड्यात का, असे सांगवीकडे मळा असलेल्या आमच्या वकिलांनी विचारले. हे वकील मंडळात फक्त करमणुकीसाठी आले होते आणि ते तसे उघड सांगत.

“अध्यक्षाने शक्ती राखून ठेवायची असते,” अध्यक्ष म्हणाले.

“कशासाठी?”

“भाषणासाठी.” हे त्यांनी गंभीरपणे सांगितले.

छकडा होता तोवर आम्ही बाकीचेही आळीपाळीने त्यात बसलो. वालचंदनगरकडे सामान घेऊन जाणाऱ्या दोन मोटारींनी आम्हांला धुळीत न्हाऊ घातले. मग रस्ता सुटला, छकड्याची वाट संपली आणि खरोखरच चालावे लागले. त्या वर्षी पाऊस रुसला होता. माळावर हिवराची खुरटी झाडे, तरवड, आणि बाकी सगळे वाळलेले कुसळ. कुसळाचे एक आहे, ते माणसाचा हुद्दा पाहत नाही. अध्यक्षांनी खास पुण्याहून गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे मागवले होते. पहिल्या मैलातच त्यांचे मोजे साळिंदरासारखे दिसू लागले. मी धोतर खोचून उघड्या पोटऱ्यांनी चाललो होतो, मला त्रास कमी झाला. दर दोन फर्लांगांवर मंडळ थांबे, अध्यक्ष एका दगडावर बसत आणि दोघे जण त्यांच्या पायांतली कुसळे वेचत. त्या मुक्कामांना ते ‘निरीक्षणाचे थांबे’ म्हणत.

चौकी दिसली तेव्हा दिवस कलला होता. दगडी भिंती, वर पत्रा, पुढे खोली, मागे पडवी. बाजूला एक बांधीव आड आणि त्याला लागून जनावरांना पाणी प्यायची दगडी डोण. आडाच्या सांडपाण्यावर शेवग्याची चार झाडे उभी होती. आसपास तीन-चार मैलांत दुसरे हिरवे काही नव्हते.

शिपाई खाकी कोट घालून, कोटावर पितळी बिल्ला लावून, आम्ही अर्धा मैल लांब असल्यापासून उभा होता. चाळिशीचा, काटक, बोलायला मोजका. बारा वर्षे तो आणि त्याची बायको या चौकीत राहत होती. राहत होती म्हणजे मागच्या पडवीत. पुढची खोली साहेबाची. तिच्यात एक खाट, एक खुर्ची आणि हात धुवायचे एक पांढरे भांडे होते. साहेब वर्षातून एकदा यायचा आणि घटकाभर बसून जायचा. म्हणजे त्या खुर्चीत बारा वर्षांत कुणी बारा वेळा बसले होते, आणि शिपायाची बायको ती रोज पुसत होती.

अध्यक्ष त्या खुर्चीत बसले, मोज्यांतून पाय मोकळे केले आणि त्यांना आपली मामलेदारी आठवली.

“काय रे, कुरणात चोरटी चराई होते की नाही?”

“न्हाय सायेब. एक खूर जरी आत आलं तरी बिल्ला गेला म्हनून समजायचं. आन् बिल्ला गेला की हे छप्पर गेलं. आमाला गावात ना घर, ना वावर.”

“शाबास. कर्तव्य म्हणतात ते हेच. आता चहा.”

शिपाई आत गेला. पडवी आणि खोली यांच्यामध्ये नुसती कुडाची भिंत होती, त्यामुळे पुढचे बोलणे मंडळाच्या पाचही सभासदांनी ऐकले.

“पत्ती हाय, गूळ हाय. दूध कुठनं आनू?” बायको विचारत होती.

“बघतो काय तरी. सोय ठिवा म्हनून हुकूम हाय.”

“हुकमात सोय लिवलीया, म्हस न्हाय लिवली.”

वकील भिंतीकडे पाहून हळूच म्हणाले, “ही बाई आमच्या वकिलांत पाहिजे होती.”

शिपाई तांब्या घेऊन टेकाडापलीकडे निघून गेला आणि अर्ध्यापाऊण तासाने दूध घेऊन आला. कुठून आणलेस, असे कुणी विचारले नाही. साहेबाच्या खुर्चीत बसले की दूध कुठून येते हा प्रश्न पडेनासा होतो. अध्यक्षांनी घोट घेऊन फक्त एवढे विचारले, “शेळीचे का?”

“व्हय जी.”

“प्रकृतीला हलके.”

बाजरीची भाकरी, पिठले आणि वकिलांनी मळ्यातून आणलेली वांगी असे जेवण झाले. शिपायाच्या बायकोने सगळे केले. मंडळाच्या पोटनियमांत ‘सभासदांनी स्वयंपाक स्वतः करावा’ असे एक कलम होते, ते कुणालाच आठवले नाही. मला आठवले होते, कारण ते मीच लिहिले होते. मग आम्ही झोपलो. थंडीखेरीज रात्री सांगण्यासारखे काही घडले नाही.

सकाळी उजाडता उजाडता मला जाग आली ती मेंढरांच्या आवाजाने. बाहेर येऊन पाहिले तर टेकाडावरून चाळीस-पन्नास मेंढरे उतरत होती, मध्ये पाच-सहा शेळ्या, आणि मागे घोंगडी पांघरलेला एक म्हातारा धनगर. शिपाई आडाजवळ उभा राहून दोन्ही हातांनी त्याला परत फिरायची खूण करत होता. म्हातारा थांबलाही. मेंढरे थांबली नाहीत. त्यांना पाण्याचा वास आला होता.

मी नंतर सगळे समजून घेतले. पावसाळ्यानंतर पाण्याच्या शोधात लांब जाणारे धनगरांचे बहुतेक वाडे निघून गेले होते. हा म्हातारा मागे राहिला, कारण त्याचे गुडघे गेले होते. जवळचे तळे आटून चिखलाला भेगा पडल्या होत्या. कालव्यावर न्यावे तर वाट आठ मैलांची, आणि मेंढरू भरावावर चढले की कालव्याचे लोक कळपच्या कळप कोंडवाड्यात घालत. उरला हा एक आड. शिपाई दोन दिवसांतून एकदा डोण भरून ठेवायचा. मेंढरे यायची, पाणी प्यायची आणि आल्या वाटेने जायची. कुरणातल्या गवताला तोंड लावू द्यायचे नाही, अशी त्या दोघांची बोली होती. ती पाळली कशी जात असे याचे मला आजही नवल वाटते, पण पाळली जात असे. मेंढरांच्या दोन्ही बाजूंनी दोन कुत्री चालत आणि मेंढरू गवताकडे वळले की कुत्रे आधी वळे.

म्हाताऱ्याला पाहुणे आल्याचे ठाऊक होते, त्यानेच आदल्या दिवशी दूध दिले होते. दोन दिवस येऊ नकोस, असे शिपायाने त्याला बजावलेही होते. पण तिसरा दिवस मेंढरांना काढता येण्यासारखा नव्हता.

अध्यक्ष शाल पांघरून, हातात चहाचा कप घेऊन बाहेर आले. आयुष्यात त्यांना एवढी सोयीची सकाळ पुन्हा मिळाली नसेल. समोर गुन्हा, समोर गुन्हेगार, आणि बसायला शिपायाने धावत जाऊन आणलेली साहेबाची खुर्ची.

“कुणाची मेंढरं ही?”

“माझीच म्हनायची. तशी बिरोबाची.”

“हे राखीव कुरण आहे, ठाऊक आहे ना?”

“मला हाय ठावं,” म्हातारा म्हणाला, “त्येंला न्हाय.”

वकिलांनी हसू दाबले. अध्यक्षांनी मग कायदा या विषयावर बोलायला सुरुवात केली. कायदा नसता तर काय झाले असते, रानटी आणि सुधारलेला समाज यांत फरक काय, एका मेंढराने सुरुवात होते आणि राज्ये कशी बुडतात. मध्ये मध्ये ते चहाचा घोट घेत. मेंढरे डोणीभोवती दाटीने पाणी पीत होती. शिपाई ताठ उभा होता आणि त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. त्याची बायको पडवीच्या दारात पदराचे टोक तोंडात धरून उभी होती.

अर्ध्या तासाने अध्यक्ष दम घ्यायला थांबले, तेव्हा म्हाताऱ्याने विचारले, “रावसायेब, हातात हाय त्यो च्याच न्हवं?”

“मग?”

“त्यात दूध हाय ते ह्या बांड्या शेळीचं. परवा दिशी हितंच प्याली, तवा पान्हवली. पानी कायद्याचं न्हाय म्हनलं, तर दूध तरी कुठलं कायद्याचं? ठिवा मग कप खाली.”

वकील खो खो हसले. मी हसलो. बाकीचे दोघे सभासद अध्यक्षांकडे पाहून हसायचे राहिले. शिपाई हसला नाही. अध्यक्षांनी क्षणभर कपाकडे पाहिले, आता गार होईल असे काहीतरी म्हणाले आणि उरलेला चहा पिऊन टाकला. मग मोठ्या मनाने घोषणा केली, “या खेपेस मी दुर्लक्ष करतो.” दुर्लक्ष करण्याचा अधिकार जाऊन त्यांना पाच वर्षे झाली होती, पण ते शिपायाला कुठे ठाऊक? तो खाली वाकला आणि त्याने अध्यक्षांच्या पायांना हात लावला.

निघायच्या आधी मी तोंड धुवायला आडावर गेलो. शिपायाने माझ्यासाठी पोहरा शेंदला आणि इकडेतिकडे पाहून म्हणाला, “मास्तर, तुमी समदं लिवून काढनार असं रावसायेब म्हनत हुते.”

“अहवाल लिहायचा असतो. सभेत वाचतात.”

“ह्यातलं काय कागदावर येऊ द्या नगा. म्हाताऱ्याला न्हाय म्हनवत न्हाय मला. आमच्या हिला तापानं घेरली, शुद्ध न्हवती, तवा त्यानंच आपल्या घोड्यावर घालून इंदापूरला दवाखान्यात नेली. म्या हितं बिल्ल्याला बांधलेला. चौकी सोडायचा हुकूम न्हवता.”

“नाही येणार कागदावर,” मी म्हणालो. “निर्धास्त राहा.”

त्या वेळी मी मनापासून म्हणालो. मनापासून बोललेले किती दिवस टिकते याचा अनुभव मला अजून यायचा होता.

सहलीचा अहवाल सभेत वाचला तो कोरडा होता. किती मैल, किती वेळ, हवामान. पण मला तेव्हा लिहिण्याची हौस होती, आणि थट्टा करायला अध्यक्षांसारखा माणूस दोनदा मिळत नाही. मी एका साप्ताहिकासाठी निराळा लेख लिहिला. छकड्यातले पदभ्रमण, निरीक्षणाचे थांबे, साळिंदरी मोजे, सगळे त्यात होते. सकाळच्या भाषणाशी आलो तेव्हा मला आडावरचे बोलणे आठवले आणि मी लेखणी ठेवली. ठेवली ती एका संध्याकाळपुरती. दुसऱ्या दिवशी लिहिले:

‘कायद्याच्या पावित्र्यावर अध्यक्षमहाशयांनी अर्धा तास जे विवेचन केले, त्यासाठी त्यांच्या घशास लागणारा ओलावा एका इमानी शिपायाने कुरणातल्याच चोरट्या पाण्यावर पोसलेल्या शेळीच्या दुधातून पुरविला होता.’

‘चोरट्या’ हा शब्द मी तीनदा खोडला आणि तीनदा परत घातला. तो काढला की वाक्याचा कणाच मोडत होता. सगळे वाक्य काढून पाहिले तर लेखाचा कणा मोडत होता. मी स्वतःची समजूत घातली की शिपायाचे नाव कुठे आहे? कुरणाचे नाव कुठे आहे? ‘इंदापूर तालुक्यातील एका एकाकी चौकीत’ एवढेच तर म्हटले आहे. अशा चौक्या तालुक्यात किती होत्या, हे मी मोजले नाही. एक होती. जिथे चार मैलांत माणूसच एक, तिथे त्याचे नाव लिहायला लागत नाही.

लेख छापून आला. वकिलांनी पाठ थोपटली. माझी एकच भीती होती की अध्यक्ष चिडतील. अध्यक्ष साप्ताहिकाचे वीस अंक विकत घेऊन आले. लेखात त्यांचा उल्लेख अकरा वेळा होता आणि तो प्रत्येक वेळी ‘अध्यक्षमहाशय’ असा होता. बाकीचे त्यांनी वाचले असावे, पण त्यांच्यापर्यंत काही पोचले नव्हते. “तुम्ही विनोदी शैली वापरली आहे, ती लोकप्रिय होते,” असे त्यांनी मला समजावून सांगितले. आणि एक अंक त्यांनी खात्याच्या साहेबाला पाठवला. सोबत पत्र होते की चौकीवर पदभ्रमण करणाऱ्यांसाठी आणखी एक खोली बांधावी, सोबतच्या लेखावरून या उपक्रमाची योग्यता ध्यानात येईल.

साहेबाने लेख वाचला. पुढे मी पुष्कळ लिहिले, पण माझे लिखाण इतक्या काळजीने वाचणारा वाचक मला तोच एक मिळाला.

यातले मला काहीच ठाऊक नव्हते. होळी होऊन गेल्यावर एके दिवशी मधल्या सुटीत शिपाई शाळेत आला. अंगात तोच खाकी कोट होता. बिल्ला लावायच्या जागी दोन भोके होती.

“मास्तर, माझा बिल्ला काढला,” तो म्हणाला. “इचारलं बी न्हाय. रेंजर आला, मेंढरं आत घेतलीस का म्हनला. म्या पानी पाजलं म्हनलो. खोटं कसं बोलू? डोणीभवती लेंड्या पडल्याल्या. तितंच बिल्ला काढून घेतला. चार दिसांत चौकी खाली करायला लावली.”

“आता कुठे आहात?”

“हिच्या भावाच्या गोठ्यात. शेरडांनी जागा दिली म्हना.” तो हसला नाही. “शिकल्याला मानूस माझ्या वळकीचा तुमीच येक. वरच्या सायबाला अर्ज करायचाय. तुमचं लिवनं चांगलं हाय म्हनत्यात.”

मी त्याला शिक्षकांच्या खोलीत बसवले, कागद घेतला आणि लिहायला लागलो. हे मी लपवणार नाही. त्याला खरे सांगायच्या आधी मी अर्धा अर्ज लिहून काढला. बारा वर्षांची नोकरी, एकही तक्रार नाही, दुष्काळाचे वर्ष, मुकी जनावरे. अर्ज चांगला उतरत होता. उतरतो आहे याचा मला आनंदही होत होता.

मग ही गोष्ट वरपर्यंत कशी गेली, हे लिहायची वेळ आली.

“लिवा की,” तो म्हणाला, “धनगरानं चहाडी केली म्हनून. त्याचंच त्वांड लई चालतंय. बघितलं न्हवं तुमी त्या दिशी, रावसायबाला कसा बोलला? बाजारात कुनापाशी तरी फुशारकी मारली आसंल. ज्येला पानी पाजलं त्यानंच घात केला.”

“त्याला विचारलंत?”

“इचारलं न्हाय, आयमाय काढली त्याची. हिच्यादेखत. त्यो दुसऱ्या दिशी मेंढरं घिऊन भीमेच्या अंगाला उतरला.”

माझी लेखणी तिथे थांबली. तेवढे एक वाक्य मला लिहिता येईना. विनोद म्हाताऱ्याचा, वाक्य माझे, शिक्षा शिपायाला, आणि आता आळही म्हाताऱ्यावरच. मी उठलो, कपाटातून साप्ताहिक काढले आणि त्याला म्हणालो, “म्हाताऱ्याने काही केलेले नाही. मी केले आहे.”

त्याला कळेना. वाचता येत नव्हते. मी तो मजकूर वाचून दाखवला. दुसऱ्यांदा वाचा म्हणाला, दुसऱ्यांदा वाचला. इतरांपुढे वाचताना मी ‘चोरट्या’ या शब्दाच्या आधी किंचित थांबत असे, म्हणजे हशा नीट येई. त्या दिवशी थांबलो नाही.

“खोटं काय न्हाय लिवलं,” तो म्हणाला. “येवढंच, की तुमी न्हाय म्हनला हुता.”

“हो.”

“मंग कशापायी लिवलं?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते. वाक्य चांगले जमले होते म्हणून. ते त्याला सांगण्याइतका निर्लज्ज मी नव्हतो. मी अर्जाचा कागद पुढे ओढला आणि म्हणालो, “मी हा पुरा करतो. चूक माझी आहे असेच लिहितो. माझ्या सहीने.”

तो उठला. “ऱ्हाऊ द्या मास्तर. तुमच्या हातचं लिवनं नगं आता.”

“मग अर्ज?”

“करील कुनीतरी. आदी म्हाताऱ्याला गाठाय पायजे.” दारापर्यंत जाऊन तो वळला. मला वाटले शिवी देईल. त्याने विचारले, “भीमेच्या अंगाला वाडे कुठं बसत्यात, हाय का ठावं?” मला ठाऊक नव्हते. भूगोल दुसरे मास्तर शिकवत, आणि त्यांनाही ठाऊक नव्हते.

मी त्याच संध्याकाळी अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी साहेबाला एक शब्द टाकावा, एवढेच माझे मागणे होते. अध्यक्षांनी साहेबाचे आलेले उत्तर दाखवले. खोली बांधता येत नाही याबद्दल दिलगिरी होती आणि लेखातून उपयुक्त माहिती मिळाल्याबद्दल मंडळाचे आभार होते. हे पत्र ते चौकटीत बसवणार होते.

“कर्तव्यात कसूर झाली की असे व्हायचेच,” ते म्हणाले. “मी तर त्याला त्या वेळी क्षमाही केली होती. तुम्ही साक्षीदार आहात.”

मी चिटणीसपदाचा राजीनामा दिला. तो मंजूर करायला सभा बोलवावी लागली असती आणि सभेला गणसंख्या जमली नाही, त्यामुळे कागदोपत्री मी अजूनही चिटणीस असेन.

शिपायाने अर्ज इंदापूरला, कचेरीबाहेर लिंबाखाली बसणाऱ्या एका अर्जनविसाकडून लिहवून घेतला. वकिलांनी तो पुढे पाहिला. त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, ‘हुजूर मायबाप’ चार वेळा होते आणि मुद्दा कुठेच नव्हता. अर्ज नामंजूर झाला. त्याला म्हातारा भेटला की नाही, हे मला कळले नाही. ती नवराबायको कुठल्याशा मळ्यावर राखणीला राहिली, एवढे कुणीतरी सांगितले, तेही ऐकीव.

“तुम्ही लिहिला असता तरी काही होणार नव्हते,” वकील मला म्हणाले. “हे अर्ज कुणी वाचत नाही.” ते माझ्या समाधानासाठी बोलत होते आणि बहुधा खरेही बोलत होते. पण मला ते पटले नाही, आणि आजही पटत नाही. मी लिहिला असता तर मंजूर झाला असता, असेच मला वाटते. मी फार चांगले लिहीत असे.